साहेबांची तोंडं पुसली गेली तो अंक

“सांगा बघू, ह्यात तुम्ही कुठले?”

संपादकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. अंक आधी लांब धरला, मग जवळ धरला. पहिल्याच पानावर मोठा रंगीत फोटो होता. ओळीने उभी असलेली माणसं, कडक इस्त्रीचे कपडे, आणि खांद्यांच्या वर डोक्याच्या जागी धुकं.

“हा,” ते म्हणाले. “निळ्या शर्टातला.”

“तो आपला ड्रायव्हर. गाडी लावून आला आणि कडेला घुसला.”

“मग हा. पोटावरून... म्हणजे उंचीवरून माझ्यासारखा वाटतो.”

“ते हिशेबवाले.”

“अहो, मग मी कुठाय?”

“तेच सांगतेय ना मघापासून. तुम्ही कुठंच नाही. मोठे साहेब नाहीत, मंत्री नाहीत. सगळ्यांची तोंडं गेली. एकटी ती पोरगी तेवढी दिसतेय. तिचे दात मोजून घ्या पाहिजे तर.”

संपादकांनी पोरीकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा धुक्यात स्वतःला शोधायला लागले. “ती दिसतेय ते राहू द्या हो. पण मी पहिल्या रांगेत होतो!”

ही बाई म्हणजे खात्यातली तोंडपुशी. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं. ज्या अल्पवयीन पोरांवर खटले चालतात त्यांच्यासाठी काम करणारं हे खातं. तिथल्या माणसांना जगात काय चाललंय ते कळावं म्हणून दर महिन्याला एक वार्तापत्र निघतं. नवे निकाल, नवी परिपत्रकं, प्रशिक्षणाच्या तारखा, कुणाची बदली झाली, कुणाची बदली थांबली. ‘उपयुक्त साधने’ नावाचं एक पान असतं. त्यात मुलांशी कसं बोलावं हे अशा माणसाने लिहिलेलं असतं, ज्याच्याशी त्याची स्वतःची मुलं बोलत नाहीत. पोरांना तिथे ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हा शब्द पुरा म्हणून होईस्तोवर बालकाला मिसरूड फुटतं.

तर ह्या वार्तापत्राची पानं लावायची आणि फोटोतल्या पोरांची तोंडं पुसायची, हे तिचं काम. पोराचा चेहरा छापायचा नाही, असा कायदा आहे आणि तो चांगला आहे. गंमत एवढीच की पोरांचे फोटो छापल्याशिवाय साहेबांना चैन पडत नाही. मग पोराला मधोमध उभं करायचं, हातात प्रमाणपत्र द्यायचं, सगळ्यांनी त्याच्याभोवती गर्दी करायची आणि छापताना त्याचं तोंड पुसायचं. ‘मुलाच्या डोळ्यांत बघून बोला’ ह्या लेखाशेजारी डोळे नसलेलं पोर छापताना तिला पहिल्या वर्षी हसू यायचं. नंतर सवय झाली.

घरी सासूबाई म्हणायच्या, “दिवसभर लोकांची तोंडं पुसतेस, आणि ओटा पुसायला सांगितला की कंबर धरतेस.”

नवरा पाण्याचे मीटर बघत फिरणारा माणूस. तो जेवता जेवता म्हणायचा, “आई, ओट्याला कायद्याचं संरक्षण नाही.”

अशी बाई. हात चलाख, जीभ त्याहून चलाख, आणि आपल्या कामाचा तोरा केवढा! माझ्या हातून आजवर एकही पोर दिसलेलं नाही, असं ती चारचौघांत सांगायची. आणि हेच तिने त्या पोरीलाही सांगितलं होतं.

ती पोरगी दोनेक वर्षांपूर्वी चोरीच्या प्रकरणात खात्याच्या निरीक्षणगृहात होती. सुटली, आत्याकडे राहायला गेली आणि स्वतःच्या हिमतीवर एका बेकरीत लागली. मालकाला मागचं काही सांगितलं नाही, आणि का सांगावं? पोरगी गल्ल्यावर बसायला लागली, तोवर खात्याला पत्ता लागला की आपल्याकडची एक मुलगी कमावतेय. लगेच समारंभ ठरला. आत्या आजारी आहे अशी थाप मारून पोरीने रजा काढली, मंत्र्यांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं आणि जाताना ऑफिसात डोकावली.

“मावशी, तोंड पुसाल ना माझं? आमच्या मालकाकडे येतो हा अंक. तो गृहाला पाव पुरवतो ना, म्हणून. त्याला कळलं ना, गल्ल्यावरनं थेट रस्त्यावर काढेल मला.”

“तू घरी जा आणि निवांत झोप. तुझी सख्खी आत्या ओळखणार नाही तुला.”

आता आत्याच कशाला, रस्त्यावरचा कुणीही ओळखेल अशी पोरगी पहिल्या पानावर हसत होती.

झालं होतं असं. आधी तोंडपुशी एकेक तोंड हाताने पुसायची. यंदा खात्याने नवा प्रोग्रॅम घेतला. प्रशिक्षण झालं, त्यात सगळ्यांच्या आधी हात वर करून ‘समजलं, समजलं’ म्हणणारी हीच. तो प्रोग्रॅम फोटोतले सगळे चेहरे आपणच हुडकतो आणि विचारतो, ह्यातले कोणते चेहरे ठेवायचे? इतक्या वर्षांची सवय. बैलाला सोडलं की तो जसा गोठ्याकडे जातो, तसा तिचा हात सरळ पोरीच्या तोंडावर गेला. तिने तिथे खूण केली आणि प्रोग्रॅमने हुकूम पाळला. पोरगी ठेवली, बाकीचे पुसले.

छापण्याआधी प्रत वर गेली होती. पण ऑफिसातल्या प्रिंटरची शाई मरणाला टेकलेली, त्यातून निघालेल्या प्रतीत सगळेच काळेठिक्कर दिसतात. त्यामुळे फोटोकडे कुणी बघत नाही, फोटोखालच्या ओळीकडे बघतात. आपलं नाव कुणाच्या आधी आलं, कुणाच्या नंतर आलं, पदवी लागली की नाही. तिघांनी तपासून सह्या केल्या. एकाने दुसऱ्याचं नाव मागे ढकललं, दुसऱ्याने ते पुढे आणलं आणि प्रत पास झाली. छापखान्याने अंक परस्पर पोस्टात टाकले आणि उरलेला गठ्ठा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणून दिला. तेव्हा तोंडपुशीने वरचा अंक उचलला आणि तसाच नेऊन संपादकांपुढे धरला.

“अंक परत बोलवा,” ती संपादकांना म्हणाली. “पोस्टात असतील अजून. गावातले तर आजच वाटले जातील.”

“परत? असं कसं बोलावता येईल? पुढच्या अंकात दिलगिरी छापू.”

“कुणाची दिलगिरी? ‘अमुक बेकरीतल्या मुलीचा चेहरा चुकून छापला’ असं लिहिणार? म्हणजे ज्याने बघितला नसेल तोही शोधून बघेल.”

“बाई, शांत व्हा. आपला अंक वाचतं कोण?”

“वाचत नाही कुणी, पण फोटो बघतात ना! बेकरीचा मालक बघेल.”

“हे बघा, मुलीचा विषय संवेदनशील आहे. त्याची टिपणी वर पाठवावी लागेल. मग समिती बसेल. समितीचा अहवाल आला की...”

तेवढ्यात त्यांचे डोळे पुन्हा फोटोवर गेले आणि वाक्य तिथेच राहिलं. बोटाने ते पहिल्या रांगेतलं धुकं हळूच पुसून बघत होते.

ते बोट बघून तोंडपुशीच्या डोक्यात उजेड पडला. तिने टेबलावरचा फोन ओढला आणि थेट मोठ्या साहेबांना लावला.

“साहेब, नवा अंक आलाय.”

“हं. ठेवा, बघतो नंतर.”

“तुम्ही दिसत नाही त्यात.”

“म्हणजे माझा फोटो घेतला नाही?”

“घेतलाय की. तुम्ही मधोमध उभे आहात. फक्त मानेच्या वर काही नाही.”

पलीकडे खुर्ची करकरली. “आणि मंत्रीमहोदय?”

“त्यांचंही तसंच, साहेब. गुच्छ दिसतो, मागचा माणूस दिसत नाही.”

“कुणी केलं हे?”

“माझ्याच हातून झालं.”

“तुमचं बघतो मी नंतर! किती जणांना गेलाय?”

“सगळ्यांनाच, साहेब. काल पोस्टात पडला.”

पोरीचं तिने नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर समिती बसली असती आणि जबाब द्यायला आधी पोरीलाच बोलावलं असतं.

मग जे झालं ते खात्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. आजारी पोराला दवाखान्यात न्यायला जी गाडी कायम गॅरेजात असायची, ती हॉर्न वाजवत दारात आली. पोरांच्या तारखांना ‘माणूस नाही’ म्हणून कोर्टात ज्यांच्याऐवजी पत्र जायचं, ती माणसं जिन्यावरून धावत उतरली. मोठ्या साहेबांनी स्वतः पोस्टात फोन केला. बाहेरगावच्या पिशव्या जाग्यावर अडवल्या. गावातले अंक वाटले गेले होते, तर दारोदार जाऊन गोळा केले. संध्याकाळी तोंडपुशीच्या टेबलाभोवती गठ्ठ्यांची भिंत उभी राहिली. बहुतेक अंकांचं वेष्टणसुद्धा उघडलेलं नव्हतं. एका अधीक्षकांनी तर घाबरून मागच्या महिन्यांचे सगळेच अंक परत पाठवले. तेही कोरे करकरीत, चिकटपट्टीला नख न लागलेले. एक अंक हलणाऱ्या टेबलाच्या पायाखालून निघाला, त्यावर टेबलाच्या पायाचा ठसा उमटला होता.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” संपादक म्हणाले. “कुणी वाचत नाही.” हे ते अभिमानाने म्हणाले की दुःखाने, ते त्यांनाच ठाऊक.

पण ड्रायव्हर शेवटी आला तो डोकं खाजवत. “एक राहिला, बाई. तो बेकरीवाला देत नाही. म्हणतो, माझ्या नावाने आलाय, माझं वाचून व्हायचंय.”

सगळ्या गावात अंक वाचणारा एक माणूस, तो नेमका हा! तोंडपुशीने पर्स उचलली आणि बेकरी गाठली.

आत उबदार वास, काचेमागे बिस्किटांचे ट्रे. पोरगी गल्ल्यावर नव्हती. तिथे मालकच बसला होता, चष्मा लावून, पुढ्यात अंक उघडा. पहिलंच पान.

“या या,” तो उठून उभा राहिला. “खात्यातून आलात ना? बसा. मी दर महिन्याला अथपासून इतिपर्यंत वाचतो, बरं का. भट्टी तापेस्तोवर दुसरं करायचं काय? मागच्या महिन्यात ते मुलांच्या झोपेवर आलं होतं ना, फार चांगलं होतं.”

अशा वेळीसुद्धा तोंडपुशीला बरं वाटलं. त्या पानाची मांडणी तिचीच होती. मग तिने स्वतःला आवरलं. “तो अंक चुकीचा छापलाय. परत हवाय.”

मालकाने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “चुकीचा कसला? मला कळलंय सगळं.”

संपलं, असं तोंडपुशीला वाटलं. तिने काचेची कड धरली. “काय कळलंय?”

“इतकी वर्षं वाचतोय, मला काय पद्धत माहीत नाही? ज्याने गुन्हा केला त्याचं तोंड पुसता तुम्ही. जो अधिकारी असतो त्याचं दिसतं. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली. दुसरं म्हणणार काय?

“मग?” त्याने फोटोवर बोट ठेवलं. “मंत्र्यांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची तोंडं पुसलेली! खाली नावं छापलीत, वर मथळा, ‘चोरीच्या वाटेवरून परतलेली पावलं’. अख्खं खातं अडकलंय ह्यात. आणि पकडलं कुणी? हिने! आमच्या गल्ल्यावर बसायची ती हिने!”

तोंडपुशीने अंक आपल्याकडे वळवून पुन्हा बघितला.

“मजकूरही वाचला मी,” तो पुढे म्हणाला. “कळी काय, वादळ काय, पणती काय. काही कळलं नाही. म्हणजे सांकेतिक भाषा असणार. शेवटी लिहिलंय, नाव बदललेलं आहे. तेव्हाच म्हटलं, गुप्त कारवाई!”

तो मजकूर संपादकांचा होता. त्यात कळी, वादळ, पणती एवढ्या गर्दीत एक मुलगी मात्र कुठे नव्हती, हे तोंडपुशीलाही तेव्हाच जाणवलं.

मालकाच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो भट्टीचा नव्हता. “बाई, मला खरं सांगा. त्या मॅडम माझ्याकडे पावासाठीच आल्यात ना?”

“पाव?”

“गृहाला जातो तो. अहो, मुद्दाम शिळा नाही पाठवत मी. दुकानातून परत आलेला माल, टाकून कसा द्यायचा? आणि तिथली पोरं, ती काय, खातात. कुणी तक्रार केली नाही आजवर. पण ह्या मॅडम पहिल्या दिवसापासून शिळा पाव बोटाने दाबून बघायच्या आणि बाजूला काढायच्या. मला वाटलं, स्वभाव असेल. आज सकाळी अंक बघितला तेव्हा उलगडा झाला. आज सगळा ताजा पाठवलाय, विचारा त्यांना. त्यांनाच गाडीत चढवायला लावला... म्हणजे विनंती केली.”

तोंडपुशी ह्या माणसाकडे बघत राहिली. मोठ्या साहेबांनी गृहाला कितीदा भेट दिली, पोरांच्या आहारावर किती पानं छापली. पाव दाबून मात्र बघितला नव्हता कुणी. बघितला तो जिने खाल्ला होता तिनेच.

तिला एक शब्द खोटा बोलावा लागला नाही. ती म्हणाली, “हे बघा मालक. त्या मुलीचा चेहरा छापायचा नव्हता. चुकून छापला गेला. म्हणूनच सगळे अंक परत घेतोय. हे बाहेर कळलं तर तिच्या कामावर गदा येईल.”

“छे छे! माझ्या तोंडून नाव निघायचं नाही.” त्याने अंकाची घडी घातली, वर कागद गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. “पण बाई, एवढ्याशा वयात केवढी हुद्द्याची!”

मागच्या दाराशी पोरगी ट्रे धूत होती. तोंडपुशीला बघून हात पुसत आली.

“मावशी, ह्याला काय झालंय हो? सकाळपासून अहो-जाहो करतोय. म्हणतो, गल्ल्यावर तुम्हाला त्रास होत असेल, आत बसा. मी म्हटलं, आत बसून काय करू, म्हणून ट्रे घासतेय तर हातातनं काढून घेतोय!”

तोंडपुशीने कागद उलगडून फोटो दाखवला. पोरीचा चेहरा एकदम उतरला.

“तुम्ही म्हणाला होतात पुसते.”

“म्हणाले होते. चुकलं माझं.”

ट्रेचं पाणी निथळत होतं. मग तोंडपुशीने तिला सगळं सांगितलं, मालकाला काय कळलं आणि काय कळलं नाही. पोरगी ऐकत गेली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

“म्हणजे मी आता साहेब?”

“तू तोंड उघडेपर्यंत साहेब.”

“आणि तो मंत्री चोर?”

“ते मी म्हटलेलं नाही.”

“मग रविवारची सुट्टी मागून बघू?”

“बघ की. पण पुढचा अंक आला की त्यात साहेब दिसणार आणि तू पुसलेली असणार. तोच फ्रॉक, तीच वेणी. तेव्हा ह्याची ट्यूब पेटेल, आणि मग आजच्या भीतीचा सगळा राग तुझ्यावर काढेल.”

पोरीचं हसू गेलं. “मग काय करणार तुम्ही?”

“ते माझं काम,” तोंडपुशी म्हणाली, आणि गेल्या वेळीही आपण असंच काहीसं म्हणालो होतो हे आठवून तिने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक नोटीस: वरिष्ठांचे चेहरे अस्पष्ट केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? त्यात पोरीचा उल्लेख नव्हता. दुसरा हुकूम: तोच फोटो, सर्व मान्यवरांचे चेहरे सुस्पष्ट ठेवून, अंक तातडीने पुन्हा छापावा. त्यातही पोरीचा उल्लेख नव्हता.

तोंडपुशीने हुकूम अक्षरशः पाळला. एकेक मान्यवराचा चेहरा असा उजळला की मंत्र्यांचा तीळसुद्धा दिसावा. मग तिने पोरीला फोटोतून काढून टाकलं. पुसलं नाही, काढलंच. फ्रॉक, वेणी, चपला, सावली, काही ठेवलं नाही. तिच्या जागी मागची भिंत ओढून आणली. राहिलं ते असं: सगळे मान्यवर अर्धवर्तुळात उभे, तोंडं हसरी, मंत्र्यांनी प्रमाणपत्र पुढे केलंय, मोठ्या साहेबांनी त्याला बोट लावलंय, आणि पलीकडे भिंत.

ह्या वेळी प्रत चांगल्या कागदावर रंगीत काढून वर पाठवली. ती तिघांनी निरखून बघितली. हिशेबवाल्यांनी आपला टाय सरळ करता येईल का, असं विचारलं. मोठे साहेब म्हणाले, “आता कसं, फोटो भरलेला वाटतो.” संपादकांनी पहिल्या रांगेतल्या स्वतःवरून बोट फिरवलं आणि सही केली. प्रमाणपत्र कुणाला देताय, असं कुणीही विचारलं नाही.

अंक गेले. ह्या खेपेला एकही परत आला नाही.

आठवडाभराने पोरीचा फोन आला. मागे भट्टीचा आवाज होता.

“मावशी, मालकाने नवा अंक बघितला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, दाबलं बघा प्रकरण! सगळे सुटले, आणि तुम्हाला फोटोतनंसुद्धा उडवलं. दिवसच तसे आहेत म्हणाला. चहा पाजला मला.”

“आणि पाव?”

“ताजा पाठवतोय. म्हणतो, मॅडम, तुम्ही अजून इथेच आहात म्हणजे तपास चालूच असणार.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मावशी, हे किती दिवस चालायचं? मला गल्ल्यावर बसायचंय हो नीट. साहेब होऊन पाठ अवघडली.”

“ते तुझं तू बघ. सांगावंसं वाटेल तेव्हा तूच सांग, तुझ्या तोंडाने. मी आता त्यात हात घालणार नाही.”

पोरगी हं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

“बाई!” आतून संपादक ओरडले. “बदल्यांचं पान झालं का? आणि त्या नव्या समारंभाचे फोटो आलेत, पोरांची तोंडं बघून घ्या!”

तोंडपुशीने नोटिशीच्या उत्तरावर सही करून ते वर पाठवायच्या खोक्यात टाकलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिला फोटो उघडला. प्रोग्रॅमने विचारलं, कोणते चेहरे ठेवायचे? तिने तो बंद केला आणि डावीकडच्या पहिल्या पोरापासून हाताने पुसायला सुरुवात केली.